मदत हवी आहे: एलिव्हेटरच्या मोटरला साधा ड्राइव्ह की व्हेक्टर?

नमस्कार मंडळी. लातूरला आमची छोटी दाळ मिल आहे. तुरीच्या बकेट एलिव्हेटरला (पट्ट्यावरच्या बकेटांनी माल वर चढवणारं यंत्र) १० एचपी, ४१५ व्होल्ट, १४४० आरपीएमची मोटर गिअरबॉक्सवर आहे. स्पीड कमी-जास्त करायला साधा व्ही/एफ ड्राइव्ह बसवला (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी एकाच प्रमाणात बदलून मोटरचा स्पीड बदलणारा).

रिकामा पट्टा मस्त चालतो. पण लाइट जाऊन आली की बकेटा भरलेल्या असतात, बुडाशी तूर साचलेली असते. मग ८-१० हर्ट्झलाच मोटर हुंकारते आणि ओव्हरकरंट ट्रिप, म्हणजे करंट वाढून ड्राइव्ह बंद पडतो. अ‍ॅक्सिलरेशन ५ वरून १५ सेकंद केलं, टॉर्क बूस्ट (कमी स्पीडला जोर मिळावा म्हणून दिलेलं जादा व्होल्टेज) ३ वरून ८ टक्के केला. ट्रिप तशीच, वर मोटर तापायला लागली. बेअरिंग, पट्ट्याचा ताण बघून झालं. आधीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरवर हीच मोटर भरल्या मालासकट उचलायची, म्हणून मोटरवर माझा संशय नाही.

डीलर म्हणतो, सेन्सरलेस व्हेक्टर घ्या (स्पीडचा सेन्सर न लावता, मोटरच्या करंटवरून हिशेब करून जोर सांभाळणारा ड्राइव्ह). पण मोटर जुनी, दोनदा रिवाइंड केलेली. पाटीवरचे आकडे कितपत खरे, देव जाणे. पॅनलपासून केबल ६० मीटर. एन्कोडर (स्पीड मोजणारा सेन्सर) लावायला जागा नाही. हंगामात कपलिंग सोडणंही अवघड, म्हणजे ऑटोट्यूनिंग (ड्राइव्हने मोटरचे आकडे स्वतः मोजून घेणं) मोटर न फिरवताच करावं लागेल.

अशा ट्यूनिंगवर सेन्सरलेस व्हेक्टर भरलेला एलिव्हेटर उचलेल का, की व्ही/एफच एक साइज मोठा, १५ एचपीचा घ्यावा? आणि एवढ्या लांब केबलला आउटपुट चोक (ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये लावायची कॉइल) लागेलच का?