मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन जोधपूर

डिसेंबरात आई-बाबांसोबत जोधपूरला जातोय. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मात्र प्रत्येक तोफ आणि दरवाजा बघायचाच असतो!

मेहरानगडावर वर जायला लिफ्ट आहे हे माहीत आहे. पण लिफ्टमधून उतरल्यावर मोती महाल, फूल महाल, शीश महाल बघताना आतले जिने किती आणि कसे आहेत? मध्ये टेकायला जागा मिळते का? परतताना बाबांना लोहापोळवरून (गडाच्या एका दरवाजातून) चालत उतरायचंय, तिथले सतींच्या हातांचे ठसे त्यांना बघायचेत. तो उतार आईला झेपेल, की तिने लिफ्टनेच खाली यावं?

जसवंत थडा (राजाचं संगमरवरी स्मारक) गडाजवळच आहे, तो त्याच दिवशी उरकू.

खरी अडचण उमेद भवनची. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १९२९ साली बांधायला घेतलेला आणि १९४३ मध्ये पूर्ण झालेला हा राजवाडा बघायची मला फार उत्सुकता आहे. पण बराचसा भाग हॉटेल आणि राजघराण्याच्या निवासाचा, आपल्या वाट्याला फक्त संग्रहालय. तेवढ्यासाठी जावं, की तो वेळ मंडोरच्या छत्र्यांना (राजांच्या स्मारकांना) द्यावा? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.