उत्तर: एसटीवाले सरकारी नोकर नव्हेत

वर एकांनी लिहिलंय, "एसटीवाले आणि बांधकाम खात्यातले, दोघेही सरकारी पगार खातात, रस्ता मात्र खड्ड्यातच." भाऊ, खड्ड्यांबद्दल वाद नाही, पण दोघांना एका टोपलीत घालू नका. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या इंजिनिअरला सातवा वेतन आयोग मिळतो. एसटी हे महामंडळ, तिथे पगार करारावर ठरतो. म्हणून तर २०२१ चा एसटीचा संप राज्य सरकारात विलीनीकरणासाठी झाला. विलीनीकरण नाहीच झालं. मूळ पगारात सेवेनुसार २५०० ते ५००० रुपयांची वाढ मिळाली आणि एप्रिल २०२२ मध्ये गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. माझा मेव्हणा कंडक्टर आहे, त्या पाच-सहा महिन्यांत घर वहिनीच्या शिलाई मशीनवर चाललं.

आणि शिव्या द्यायच्याच तर पत्ता नीट बघून द्या. ६६ नंबरचा मुंबई-गोवा हा राष्ट्रीय महामार्ग. त्यातला पनवेल ते (रायगडातलं) इंदापूर हा टप्पा केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे, पुढचा राज्याच्या बांधकाम खात्याकडे. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग आणखी तिसऱ्याकडे, राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे. गणपतीत जादा गाडी घेऊन रात्रभर कोकणच्या वाटेवर असणाऱ्या ड्रायव्हरचा यात काय दोष, सांगा बघू?