मदत हवी आहे: अकरावीत क्षारपड जमिनीवर संशोधन करायचंय, सुरुवात कशी करू?

शाळू_अकरावी
नमस्कार. आमच्याकडे वाळवा तालुक्यात क्षारपड जमिनीत शाळू नीट उगवत नाही. सुट्टीत ‘मिठाचा उगवणीवर परिणाम’ हा प्रयोग करणार आहे. कॉलेजच्या लॅबमधला काटा वापरता येईल. दोन डिशमध्ये १००-१०० बिया, एकीत साधं पाणी, एकीत मिठाचं, एवढं पुरेल का? आणि मार्गदर्शक कसा मिळवायचा?

बीजपरीक्षा
विषय छान आहे, पण प्रश्न अजून नेमका नाही. मिठाने उगवण घटते हे माहीतच आहे. शाळूच्या मालदांडी आणि फुले वसुधा या जातींतली कोणती जात किती मिठापर्यंत तग धरते, असं विचार.

दोन डिश पुरणार नाहीत. एका डिशमधल्या १०० बिया एकाच कागदावर, एकाच पाण्यात असतात. डिश तापली किंवा बुरशी लागली की सगळ्या एकदम बिघडतात, म्हणून हिशेबात ती एकच नोंद धरायची. त्याऐवजी २५ बियांच्या चार डिश कर. मिठाच्या पाच पातळ्या (०, ५०, १००, १५०, २०० मिलिमोलर; मिलिमोलर म्हणजे लिटरभर द्रावणात किती मीठ विरघळलंय याचं माप) आणि दोन जाती म्हणजे ४० डिश, १००० बिया. डिशच्या जागा रोज अदलाबदल कर.

११.६९ ग्रॅम सोडियम क्लोराइड थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळव आणि एक लिटरपर्यंत भर; हे २०० मिलिमोलर. त्यातलं ७५, ५० आणि २५ मिली वेगवेगळं घेऊन प्रत्येकी १०० मिलीपर्यंत नेलं की बाकीच्या पातळ्या तयार. घरचं मीठ नको, त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते.

मातीपाणी
बियाण्याकडे आधी बघ. दुकानातलं रंगीत बियाणं औषध लावलेलं असतं. एका जातीला औषध आणि दुसरीला नाही, असं झालं तर तुलनाच फसते. दोन्ही बिनऔषधाची आणि एकाच हंगामातली घे. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये पाच मिनिटं ठेवून तीनदा धू, नाहीतर दोन-तीन दिवसांत बुरशी येते.

९ सेंटिमीटरच्या डिशमध्ये दोन फिल्टर पेपर आणि ५ ते ६ मिली द्रावण पुरतं. झाकण लावून सुरुवातीलाच वजन करून ठेव. कागद वाळू लागला की घटलेल्या वजनाएवढं फक्त डिस्टिल्ड वॉटर घाल. बहुतेकांचं इथेच चुकतं: पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, आणि पुन्हा मिठाचं द्रावण ओतलं की १०० ची डिश नकळत १५० कडे सरकते.

मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं की बी रुजलं असं मान. रोज ठरावीक वेळी मोज, दहाव्या दिवसापर्यंत.

बीजपरीक्षा
मार्गदर्शकासाठी जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या बीजशास्त्राच्या किंवा मृदाशास्त्राच्या प्राध्यापकांना सात-आठ ओळींची ईमेल कर. ‘मला गाइड करा’ लिहू नकोस. प्रश्न, डिशची मांडणी आणि एकच नेमकी मागणी लिही, उदाहरणार्थ ‘द्रावणांची विद्युतवाहकता (तिच्यावरून क्षारांचं प्रमाण कळतं) मोजायला अर्धा तास मीटर मिळेल का?’ आराखडा वाचून चूक दाखवायला त्यांना पाचच मिनिटं लागतात, आणि बहुधा तिथूनच बोलणं सुरू होतं.

शाळू_अकरावी
धन्यवाद! मिठाऐवजी सरळ शेतातलीच माती घेतली तर?

मातीपाणी
आधी मीठच. क्षारपड मातीत मिठाबरोबर सोडियमचे बाकीचे क्षारही असू शकतात आणि सामूही (pH) वाढलेला असू शकतो, त्यामुळे उगवण कशाने घटली हे सांगता येणार नाही. माती दुसऱ्या टप्प्यात घे: १ भाग माती, २.५ भाग पाणी, नीट ढवळून, निवळू देऊन वाहकता आणि सामू मोज. त्या मातीची तुलना मग तुझ्या कोणत्या द्रावणाशी करायची ते ठरवता येईल.