महापालिकेचा दाखला पुरेसा नाही

परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद तिथे करायची राहून गेली तर ठाण्याला आल्यावर महापालिकेतून जन्माचा दाखला काढला की झालं, असं काही जण म्हणतात; ते अर्धंच खरं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० मध्ये सोय आहे, पण कायमचं परतणाऱ्यांसाठी, बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांत. आणि ती नुसती जन्माची नोंद. नागरिकत्वासाठी भारतीय वकिलातच गाठायची, वर्षाच्या आत. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते.

आमच्या वहिनीचं दुबईत अडलं ते भलत्याच ठिकाणी. हॉस्पिटलच्या कागदावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं! इकडे नौपाड्यातून आजीचा रोज फोन, ‘झालं का गं?’ डिस्चार्जआधीच आईबापांच्या नावांची स्पेलिंगं पासपोर्टशी ताडून घ्या.