मुंबईत राहून निसर्गाशी सलगी : तुमचे अनुभव लिहा

निसर्ग म्हटलं की आपल्याकडे लगेच माळशेज, भंडारदरा, आंबोली सुरू होतं. मग सुट्टी जुळत नाही, गाडी मिळत नाही आणि सगळं पुढच्या पावसाळ्यावर जातं. या धाग्यात सहलींबद्दल नको. ऑफिस, लोकल, मुलांचे क्लास, घरातली आजारपणं चालू असतानाच मुंबईत राहत्या जागी झाडापक्ष्यांशी, समुद्राशी तुमची ओळख कशी टिकते, ते लिहा. अनुभव लहान असला तरी चालेल, पण स्वतःचा असू द्या.

सुरुवात मी करते. स्टेशनपर्यंतचा माझा रस्ता माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सवरून जातो. कुठलं झाड कधी फुललं, ते घरच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवते. थंडी सरता सरता पांगारा, एप्रिलच्या सुमारास बहावा आणि ताम्हण, पदपथभर पिवळा सडा टाकणारा सोनमोहर, पावसाळ्यानंतर सप्तपर्णीचा तो डोकं धरायला लावणारा वास. जुनी कॅलेंडरं टाकत नाही. यंदा बहावा लवकर आला की उशिरा, हे मला आता नुसत्या आठवणीवर सांगावं लागत नाही. नोंद ठेवायला लागल्यापासून झाडाकडे मान वर करून बघणं आपोआप होतं, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

प्रभादेवीहून

आमचं मूळ गाव श्रीवर्धनकडे. आजी भरतीची वेळ तिथीवरून सांगायची: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. मुंबईलाही हे गणित ढोबळमानाने जुळतं, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी बाराच्या आगेमागे उधाण, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं. त्या दिवसांत मी मुलीला घेऊन कार्टर रोडच्या खडकांवर जातो, पावसाळा सोडून.

तिथे एका जागी उकिडवं बसायचं आणि खडकातल्या एकाच डबक्यात बघत राहायचं. आधी नुसतं पाणी आणि शेवाळ दिसतं. थोड्या वेळाने एक शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा घर करून असतो. कडेला चिकटलेला मातकट गोळा पाण्याखाली हळूहळू उलगडतो आणि बोटांसारख्या शुंडा बाहेर येतात, ते समुद्रफूल. मुलगी हल्ली पंचांग बघून मला विचारते, बाबा, या रविवारी जमतंय का? दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा: काही उचलून घरी आणायचं नाही, आणि पाणी वळलं की लगेच बाहेर निघायचं. शेवाळावर पाय सटकतो.

मुलुंडहून

गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काही दिसलं म्हणून पुसायला गेले, तर ते हललं. फुलपाखराची अळी! कॉमन मॉरमॉन जातीची मादी कढीपत्त्यावर, लिंबावर अंडी घालते. अळी लहान असताना हुबेहूब शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की अंगाने हिरवीगार होते. नातवाने काडीने डिवचलं तेव्हा तिने डोक्यामागून लालभडक दोन शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सुटला. नातू दोन पावलं मागे.

मग तिने काडीला रेशमाचा पट्टा बांधून स्वतःला टेकवलं आणि कोश केला. त्या दिवसांत फोडणीला कढीपत्ता बाजारातून आणला. बायांनो, कढीपत्त्यावर औषध फवारू नका. पानं पुन्हा फुटतात.

मानखुर्द-वाशी, हार्बर लाइन

मानखुर्द सुटलं की मोबाइल पर्समध्ये. खाडीचा पूल संपेपर्यंत फक्त बाहेर बघायचं. ओहोटीला चिखलात बगळे, हिवाळ्यात कुरव. पुलाच्या उत्तरेला ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ साली जाहीर झालेलं. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. रोजच्या पासात मी त्याच्या शेजारून जाते याचा मला खरंच अभिमान वाटतो.

बोरिवलीहून

माझं निसर्गाशी नातं मंडईतून. पहिल्या पावसाच्या आगेमागे आदिवासी मावश्या शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, नंतर टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोली. मी घासाघीस करत नाही, कृती विचारते. शेवळं निवडताना आतला पिवळा भाग काढायचा आणि खाज मारायला काकडं, म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट फळं, घालायचीच, हे मला एका मावशीनेच शिकवलं. कुठली भाजी किती दिवस मिळणार, तेही त्याच सांगतात.

सायनहून

शाळेत शिकवते. मुलांना माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात नेते आणि आधी एवढंच सांगते की इथे कचऱ्याचा डेपो होता. तो बुजवून त्यावर झाडं लावली आणि १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. धारावीतली मुलं त्या झाडांकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

परळहून

बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांचा पलंग खिडकीशी हलवला. समोर सोसायटीच्या आवारात शेवग्याची एक वाळकी फांदी. दुपारी कुणीतरी टुक... टुक... टुक... करत राहायचं. बाबांनीच शोधून काढलं: तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. आवाज काढताना चोच मिटलेली आणि गळा फुगतो, हे मला त्यांनी दाखवलं. मग जोडीने त्या फांदीला भोक पाडायला घेतलं. भुसा खाली पडताना दिसायचा. औषधाच्या वेळा मी सांभाळायचे, तांबटाच्या ते.

फांदी तोडायला माणूस आला, तेव्हा मी खाली जाऊन सेक्रेटरीकाकांना वर घेऊन आले आणि खिडकीतून घरटं दाखवलं. काकांनी पिल्लं उडेपर्यंत काम थांबवलं. तुमच्याकडेही वाळक्या फांद्या छाटणार असतील तर आधी नीट बघा. तांबटाचं भोक गोल, रुपयाच्या नाण्याहून मोठं आणि बहुतेकदा फांदीच्या खालच्या अंगाला असतं, त्यामुळे वरच्या मजल्यावरून दिसत नाही. झाडाखाली उभं राहूनच बघावं लागतं.