पीओपीची मूर्ती घरीच विरघळवायची आहे: अमोनियम बायकार्बोनेट किती, पाणी किती, नंतर त्या पाण्याचं काय?

कोथरूडकर

यंदा घरात गणपतीची पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) मूर्ती आहे. उंची १२ इंच, वजन काट्यावर ४ किलो. नदीत सोडायची नाही, हे पक्कं. बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून घरीच विसर्जन करता येतं एवढं ठाऊक आहे, पण जो तो वेगळं प्रमाण सांगतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, मोकळी जागा म्हणजे गॅलरी. पावडर आणि पाणी किती घ्यायचं? वासाचं काय करायचं? आणि उरलेलं पाणी कुंड्यांना चालतं का? गॅलरीत तुळस, जास्वंद, मोगरा आणि थोडी पालक-मेथी आहे.

खडूफळा

आधी मूर्ती खरंच पीओपीची आहे ना ते बघून घ्या. तळाला रंग न लागलेली जागा असते, तिथे ओल्या कापसाचा बोळा दहा मिनिटं धरा. शाडू असेल तर बोटाला चिकट गाळ लागतो. पीओपी नुसतं ओलं होतं, टणकच राहतं. शाडू निघाली तर पावडरीची गरजच नाही.

प्रमाण सोपं आहे: जेवढं मूर्तीचं वजन तेवढीच पावडर. घट्ट बसलेलं पीओपी म्हणजे जिप्सम. १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागतं. तुमच्या मूर्तीला हिशेबाने पावणेचार किलोच्या जरा आत पुरेल, पण काही अमोनिया हवेत उडून जातो, म्हणून पूर्ण ४ किलो घ्या. तयार होतो तो खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि पाण्यात उतरतं ते अमोनियम सल्फेट. बरोबर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. पुण्याच्या एनसीएलने म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत बसवून दिली आणि महापालिकेने ती घरोघरी नेली.

थोडक्यात, मूर्ती 'विरघळते' म्हणतात तरी ती सगळी पाण्यात जात नाही. टणक जिप्समचा मऊ खडू होऊन तो तळाशी बसतो. तळाशी पांढरा थर दिसला की काम बिघडलं असं समजू नका.

पाणी ३० लिटर घ्या. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात ही पावडर २०० ग्रॅमच्या आसपास विरघळते. त्यामुळे २० लिटर ही अगदी काठावरची मर्यादा झाली. नुसत्या पाण्यात हे का जमत नाही, तेही याच हिशेबात कळतं. जिप्सम लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. ४ किलोच्या मूर्तीला दीड हजार लिटरहून जास्त पाणी लागेल, तेही सतत हलतं असेल तर. म्हणून विहिरी-तलावांच्या तळाशी मूर्ती महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात.

महापालिकेच्या केंद्रावर पावडर मिळाली नाही तर बेकरीला माल पुरवणाऱ्या दुकानात विचारा. खारी-बिस्किटांसाठी तेच वापरतात, तिथे त्याला नुसतं 'अमोनिया' म्हणतात. किराणा दुकानदार कधी नवसागर काढून देतो. तो अमोनियम क्लोराइड, त्याचा इथे उपयोग नाही. खाण्याचा सोडाही नको, त्यातलं सोडियम पाण्यात राहतं आणि ते पाणी झाडांना घालता येत नाही.

सहकारनगर_गच्ची

आता कृती. भांडं प्लास्टिकचंच घ्या, ५० लिटरचा टब किंवा पिंप. तांब्या-पितळेचं भांडं अमोनियाने खराब होतं, लोखंड गंजतं. फेस येतो म्हणून वरची चार-पाच बोटं तरी रिकामी राहिली पाहिजेत.

उत्तरपूजा झाली की हार, कापड, मोती, खडे, कागदी दागिने सगळं काढा. टबात साधं पाणी घेऊन त्यात विसर्जन करा, आरती म्हणा, आणि नंतर पावडर घाला. घरातल्या ज्येष्ठांना हा क्रम पटतो आणि रसायनाला त्याने काही फरक पडत नाही.

पीओपीची मूर्ती आतून पोकळ असते. उभी सोडली तर आत हवा अडकून ती तरंगते आणि वरचा भाग कोरडा राहतो. तिरकी धरून सावकाश सोडा, तळाच्या भोकातून बुडबुडे यायचे थांबले की मग आडवी करा. तळ बंद असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने एक भोक पाडून घ्या. पाणी आतून-बाहेरून लागलं की वेळ निम्म्यावर येतो.

पावडर एकदम ओतू नका. आधी २ किलो, मुठी-मुठीने. पाणी गार पडतं, टबाला बाहेरून दव धरतं. ही पावडर विरघळताना उष्णता खेचून घेते, तेव्हा घाबरू नका. उरलेली २ किलो दुसऱ्या दिवशी सकाळी. दर दोन-तीन तासांनी लाकडी काठीने तळापासून ढवळायचं. हे टाळलंत तर मूर्तीवर खडूचा थर बसतो आणि आतल्या जिप्समपर्यंत द्रावण पोचतच नाही. ज्यांचं ४८ तासांत होत नाही, त्यातल्या बहुतेकांचं कारण हेच असतं.

वास येणारच. टब गॅलरीत सावलीत ठेवा. ३६ अंशांच्या वर ही पावडर आपोआप फुटायला लागते आणि अमोनिया फुकट जातो. बाथरूममध्ये दार लावून अजिबात नको, डोळे चुरचुरतात आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. झाकण सैल असू द्या. घट्ट लावलं तर आतला वायू ते उडवून देईल. गॅलरीकडचं दार लावून घ्या, पावडर हाताळताना हातमोजे घाला, लहान मुलं आणि मांजर दूर ठेवा.

कोथरूडकर

खूप आभार. सांगितल्याप्रमाणे केलं, ४८ तास झाले. हात-पाय, सोंड, मुकुट सगळं सुटलं. पाटाच्या जागी मुठीएवढा पांढरा टणक गोळा उरलाय, आणि वर रंगाची सालं तरंगतायत. अजून पावडर घालायची का?

खडूफळा

लगेच घालू नका. गोळा फोडा आणि आतल्या ताज्या भागावर दोन थेंब व्हिनेगर टाका. चुरचुरून फेस आला तर तो खडूच आहे, हाताने कुस्करा, संपला विषय. फेस नाही आला तर आत जिप्सम शिल्लक आहे. मग तो गोळा हातोडीने सुपारीएवढा बारीक करून त्याच पाण्यात टाका, पाव किलो पावडर घाला आणि आणखी एक दिवस ढवळत राहा. पाट सगळ्यात जाड असतो, त्यामुळे बहुधा तिथेच अडतं. गोळ्यात काथ्या किंवा तार असेल तर काढून घ्या, ते विरघळणारं नाही.

रंगाची सालं तेलरंगाची किंवा वॉर्निशची असतात. ज्या जागी असा जाड रंग आहे तिथे द्रावण आत शिरत नाही. पुढच्या वेळी सोडण्याआधी पाठीमागे आणि तळाला खरखरीत कागदाने चार ओरखडे काढून ठेवा. आत्ताची सालं गाळण्याने काढा, वाळवा आणि कागदात बांधून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. ओल्या कचऱ्यात नकोत.

मातीतला_माणूस

पाण्याबद्दल कळकळीने सांगतो, कारण इथे 'ते पाणी खत आहे, झाडांना घाला' एवढंच ऐकून लोक तांब्याने तुळशीत ओततात आणि चार दिवसांत तुळस जळते. खत आहे हे खरं. पण ताकद बघा: ४ किलो मूर्तीतून साधारण ३ किलो अमोनियम सल्फेट तयार होतं. ते ३० लिटरमध्ये म्हणजे लिटरला १०० ग्रॅम. कुंडीला लिटरला १ ग्रॅम भरपूर झालं. म्हणजे शंभरपट पातळ करायचं.

आधी पाणी चार-पाच दिवस उघडं ठेवा, उरलेला अमोनिया उडून जाऊ दे. गाळ हलणार नाही अशा बेताने वरचं पाणी फडक्यातून कॅनमध्ये भरा. मग १० लिटरच्या बादलीत त्यातलं १०० मिलि. जास्वंद-मोगऱ्याला दर कुंडीमागे अर्धा लिटर, १५ दिवसांतून एकदा, माती ओली असताना आणि पानांवर न उडवता. तुळशीची पानं आपण खातो आणि पालक-मेथीचं तर विचारायलाच नको. मूर्तीच्या रंगात शिसं किंवा इतर जड धातू असू शकतात, तेव्हा खाण्याच्या कुठल्याही झाडाला हे पाणी नको. त्याच कुंडीत राख किंवा चुना घालत असाल तर तेव्हा हे देऊ नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

आता ३० लिटरच्या ३०० बादल्या होतात, गॅलरीत त्या वर्षभरातही संपणार नाहीत. सोसायटीच्या लॉनला द्या: १ लिटर द्रावण १० लिटर पाण्यात, चार-पाच चौरस मीटरला, आणि लगेच वरून साधं पाणी मारायचं, नाहीतर गवताची टोकं पिवळी पडतात. अमोनियम सल्फेटमध्ये २१ टक्के नत्र असतं, गवत त्यावर जोमात येतं. सगळं एकदम गटारात मात्र ओतू नका, ते शेवटी नदीतच जातं आणि एवढं नत्र जलपर्णीच्या कामी येतं.

शाडूवाली

तळाचा खडू बेसिनमध्ये ओतू नका, सिंकखालचा वाकडा पाइप बंद पडतो. ४ किलोतून वाळल्यावर सव्वादोन किलोच्या आसपास खडू निघतो. दोनदा साध्या पाण्याने धुवा, जुन्या चादरीवर पसरून वाळवा. रंग मिसळलेला असल्याने तोही भाजीच्या मातीत नको. गल्लीत कुणाकडे बांधकाम चालू असेल तर फरशीखालच्या भरावात जातो. काही संकलन केंद्रं घेतात, आधी विचारून जा.

पुढच्या वर्षी शाडू घ्यायची असेल तर तिचंही एक सांगते. बादलीत ती काही तासांत ढासळते, पण तो गाळ सरळ कुंडीत घालू नका. शाडूत सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो, वाळल्यावर ती दगडासारखी आवळते आणि मुळांना हवा मिळत नाही. कुंडीच्या मातीत दहावा भाग, त्याहून जास्त नको. त्यापेक्षा रंगाचा वरचा थर काढून गाळ फडक्यात टांगा, पाणी निथळलं की गोळे करून वाळवा आणि मूर्तिकाराला परत द्या. भिजवून, चाळून तीच शाडू पुन्हा मूर्तीला वापरता येते. देताना एक पाळा: त्यात निर्माल्य, हळदकुंकू, तांदूळ मिसळू देऊ नका. तांदूळ राहिले तर माती आंबते आणि नव्या मूर्तीवर बुरशी धरते.