नजरकैदेत असताना प्रार्थनेला जाता येतं का?

भाऊ नजरकैदेत आहे, पायाला जीपीएसचा पट्टा लावलाय. दर आठवड्याला प्रार्थनेला जायची त्याची लहानपणापासूनची सवय, आता घरात बसून पार खचलाय. परवानगी मिळते का?

उत्तर १: मिळू शकते, पण आधी कोर्टाची ऑर्डर नीट वाचा. काही ऑर्डरमध्ये डॉक्टर, वकील, नोकरी यांच्यासोबत प्रार्थनेचीही सूट लिहिलेली असते, नसेल तर वकिलामार्फत अर्ज करा. कुणी तोंडी हो म्हटलं म्हणून जाऊ नका, लेखीच घ्या!

उत्तर २: माझ्या वडिलांना मिळाली होती. अर्जात पत्ता, वार, सुरू व्हायची-संपायची वेळ, जायचा-यायचा रस्ता सगळं दिलं आणि तिथल्या प्रमुखांचं पत्र जोडलं. पट्टा फुल चार्ज करून निघायचं, वाटेत कुठेच थांबायचं नाही, आणि प्रार्थना लांबली तरी वेळेत उठायचं, ते त्यांना फार जड जायचं हो.

उत्तर ३: यूएनच्या २०१५ च्या मंडेला नियमांत (कैद्यांना कसं वागवावं याचे नियम) कैद्यांनाही शक्य तितकं तुरुंगातल्या प्रार्थनेला जाऊ द्यावं असं आहे, वकिलांना सांगून बघा. तोवर धर्मगुरूंनाच घरी बोलवा, फक्त भेटींवर बंदी नाही ना ते तपासा.